गोडाचा नमुना

तेहतीस वर्षं मेडिकलच्या लॅबमध्ये
लोकांची साखर मोजली.
परवा रिपोर्टावर नाव माझं निघालं:
इंदुमती हेडाऊ, स्त्री, एकसष्ट,
उपाशीपोटी एकशे अडुसष्ट.
सही करणारी पोरगी माझ्याच हाताखाली शिकलेली.
म्हणाली, मॅडम, पुन्हा एकदा करून बघू का?
म्हटलं, मशीन बरोबर आहे.
मीच बसवून घेतलं होतं.

चहा सोडणं सोपं गेलं.
पण नागपूरची मे महिन्यातली दुपार,
कूलरची ताटी अर्धी सुकलेली,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
अशा वेळची ती थंड कॉफी?

ती मला लीलाम्मा सिस्टरनं लावली,
कोट्टयमची, वॉर्ड तेवीस.
फ्रीजमध्ये सीरमच्या नळ्यांमागे तिची बाटली असे,
वर माझ्या अक्षरात लेबल:
‘नमुना. हात लावू नये.’
चार चमचे साखर घालायची बाई,
ढवळताना बांगडी काचेवर वाजायची.

तर, वही काढली. प्रयोग सुरू.

मध थंड पेल्यात तळाशी जाऊन बसला
रुसलेल्या व्याह्यासारखा.
कितीही विनवा, वर यायला तयार नाही.
गूळ कोमट दुधात विरघळवला, दूध फाटलं.
मोमीनपुऱ्यातून खजूर आणला,
रात्री भिजवला, सकाळी वाटला,
चव झकास, पण पिऊ की चमच्यानं खाऊ?
ठवकरांच्या कुंडीतलं ते गोड पान टाकलं,
पहिला घोट गोड,
मग जिभेवर संध्याकाळपर्यंत
औषधाचं दुकान उघडं राहिलं.
जेष्ठमधाचं विचारूच नका.

तेवढ्यात मडावी आला, आमचा जुना शिपाई,
एटापल्लीहून, थैलीत वाळलेली मोहफुलं.
“उकळा न् गाळा, मॅडम. काकवीवानी होते.
साखर काऊन पायजे तुमाले?
आमच्याकडे लेकरं असेच खाते.”

उकळली. घरभर वास सुटला,
जंगलातल्या पहाटेचा,
आणि खरं सांगायचं तर थोडा दुसराही.
(वरच्या मजल्यावरून चौकशी झाली.)
दोन चमचे पाक, बर्फ, त्यावर काळी कॉफी.
त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच
पिताना डोळे मिटले माझे.

दोन तासांनी बोट टोचलं.
दोनशे एक्केचाळीस.

मध काय, गूळ काय, मोह काय,
पट्टीला नावं वाचता येत नाहीत.
हे मला माहीत नव्हतं?
उमरेडचा एक म्हातारा यायचा,
रुमालाच्या गाठीत गुळाचा खडा,
सोडून दाखवायचा,
“एवढासाच हाय, बाई. चालते ना?”
नाही चालत. पुढचा नंबर.
मान वर करूनही बघितलं नसेल मी.
आज तो खडा नखाएवढा आठवतो,
कडेला रुमालाचा धागा चिकटलेला.

काल लीलाम्माला फोन लावला.
तिलाही आहे, दहा वर्षं झाली.
बोलली नव्हती कधी.
तिच्या त्याच मोडक्या मराठीत म्हणाली,
“पूड थंड पाण्यात टाक, रात्रभर. उकळायचा नाय.
कडू कमी येतो.
मग चिमटी मीठ.
गोड कशाला पायजे मग, इंदू?”

मीठ! कॉफीत!
पण टाकलं.
बारा तासांनी तांबूस-काळं पाणी गाळलं, बर्फ घातला.
गोड नाही. खोटं कशाला बोलू.
पण कडूही नाही तितकी.
थोडी भाजल्या चण्यासारखी,
थोडी ओल्या पोत्यासारखी,
चार चमच्यांखाली इतकी वर्षं
ही अशी होती तर.

उरलेली बाटलीत भरली,
लेबल चिकटवलं, जुन्या सवयीनं तारीखही घातली.

मोहाचा पाक फेकला नाही.
तो मागे आहे, दह्याच्या भांड्याआड.
त्याला लेबल लावलेलं नाही.