मागचे दोन

बजेट बारा हजार. आठ बोनसचे,
चार भिशीतले, आईला न सांगता.
हॉल दहा बाय साडेअकरा,
कोपरखैरण्यातलं माथाडीचं घर,
शिवणाच्या टेपने मोजून
विजेच्या बिलामागे मी आखून आणलेलं:
टीव्ही इथे, दिवाण इथे,
आणि इथे फ्रिज, कारण किचनमध्ये तो मावत नाही.

वाशीच्या त्या दुकानातला अश्फाक नावाचा मुलगा,
बिल्ला उलटा लावलेला,
माझा कागद बघून हसला नाही.
तेवढ्यावरच मी ठरवलं, घ्यायचं ते याच्याकडून.

'पाच पॉइंट एक म्हणजे मॅडम, पाच जण बोलणारे
आणि एक जण घुमणारा.
समोर तीन, मागे दोन.
वॉट बघू नका, खोक्यावर काहीही छापतात.
मागचे दोन कानाच्या किंचित वर हवेत,
वायर दाराच्या चौकटीवरून न्यायची.
बिनवायरचे घेतले तर वीसच्या पुढे.
नाहीतर हा साउंडबार, सात हजार नऊशे,
यात मागचं सगळं समोरूनच निघतं,
भिंतीवर आपटून मागे येतं म्हणतात.'
'येतं का?'
'ते तुमच्या भिंतीवर आहे.'
आमच्या एका भिंतीला फ्रिज, दुसरीला दार.

अप्पा तोवर उंबऱ्याशी, चपला हातात.
काचेचं दुकान असलं की ते अजून चपला काढतात.
म्हटलं, या ना, ऐका तरी.

आतल्या खोलीत काळोख, गालिचा, मधोमध लाल कोच.
ते बसले नाहीत, कोचापुढे उभे राहिले.
अश्फाकने काहीतरी लावलं.
आधी समोर रहाट आणि पाणी,
डावीकडे लांब कुत्रं,
मग मागून पावलं,
जड, घाईची, फरशीवर घासत येणारी.

आणि अप्पा बाजूला झाले.
वळले नाहीत. मानही हलली नाही.
फक्त डावा पाय मागे, खांदा आत,
गुडघे जरासे वाकलेले.
एक माणूस, एक गोणी जाईल
एवढी वाट करून दिली त्यांनी
रिकाम्या गालिच्यावर.

एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केट.
पाठीवर गोणी असली की मान वळत नाही,
मागचं सगळं कानांनीच बघायचं:
हातगाडीचं चाक किती हातांवर,
ट्रकचा फाळका उघडतोय की निसटतोय,
'वाट, वाट' म्हणणारा लिंबाजी आहे की कुणी नवखा.
एकदा एक नवखा ओरडलाच नाही.
त्या गुडघ्याला अजून पट्टी असते.

पावलं पुढे गेली, टीव्हीत शिरली.
अप्पांनी इकडेतिकडे बघितलं, आणि लाजले.
अश्फाकने आवाज बंद करून रिमोट उगाच पुसला.

'ते मागचे दोन कितीला?'
'सेटमध्येच येतात अंकल. अकरा पाचशे.
वेगळे काढून नाही देता येत.'
'मग तो लांबडा दे. फळीसारखा.'
आणि माझ्याकडे न बघता,
'मागनं आता कुणी नगं. लई आलं मागनं.'

सात हजार सहाशेला दिला त्याने, भिंतीचे स्क्रू फुकट.
भिशीचे चार मी तांदळाच्या डब्यात परत ठेवले.

रात्री आई म्हणाली, एवढंच? एवढीशी फळी?
अप्पा काही बोलले नाहीत.
दिवाण ओढला, एक टोक, मग दुसरं,
मागच्या भिंतीला असा भिडवला
की मधे बोट शिरणार नाही.
मग बसले, पाठ लावून, पाय वर घेऊन.
वाढव की जरा, म्हणाले,
काय बी ऐकू येत न्हाय.