टंच

गुजरीतून मोड आली, सव्वादोन किलो:
तुटके करदोडे, मुकी झालेली पैंजणं,
कुणाच्या तरी बारशाचा चेपलेला वाळा,
आणि त्यात हे.

ना गोल, ना चौकोनी.
छिन्नीनं तोडल्यासारखं, काठ कातरलेले.
एका अंगाला क्रूस,
दुसऱ्या अंगाला दोन खांब, खांबांखाली लाटा.
आदगोंडाकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"ह्ये आपल्याकडचं न्हवं."

इंगवले सर कोल्हापुरातून दुपारच्या एस्टीनं हुपरीला आले,
भिंग घेऊन, डबा तसाच.
म्हणाले, समुद्रापलीकडं एक डोंगर होता,
तांबडा, सुळक्यासारखा,
आत चांदी आणि वर नुसता वारा.
गावागावाला पाळी लावून माणसं आत धाडायचे.
सोमवारी उतरलेला शनिवारी वर यायचा,
आला तर.
म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच
गाव त्याच्यासाठी रडून घ्यायचं.

आणि राजा? मी विचारलं.
राजा लांब.
त्याचा हुकूम गलबतातून पोचायला वर्ष जायचं.
तोवर ज्यांनी मुलूख जिंकला होता
ते एका शहराच्या शिवेवरून
एकमेकांच्या नरड्याचा घोट घेऊन मोकळे.
हुकूम आला की सुभेदार उभा राहायचा,
टोपी काढायचा, कागदाचा मुका घ्यायचा,
कागद डोक्यावर ठेवायचा
आणि सगळ्यांदेखत सांगायचा:
आज्ञा शिरसावंद्य. अंमल होणे नाही.

काका इतके हसले
की फुंकणी हातातून निसटली.
"ह्ये मातूर आपल्याकडचंच की वो!"
भूपालकाकांनी कोर्टाचा कागद असाच
कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवलाय.
भट्टीच्या मधोमध घातलेली भिंत
सात वर्षं झाली, तिथंच आहे,
धुराडं मात्र दोघांत एक,
त्यामुळं कुणी आधी पेटवायची यावर
रोज सकाळी शिव्या.

नाक्यावर मशीनला लावून टंच काढला.
चौऱ्याहत्तर.
सर म्हणाले, त्र्याण्णव असायला हवा होता.
काका गप्प झाले, मग हळूच,
जरा कौतुकानंच:
"म्हंजी राजालाबी टांग दिली."
टांकसाळीतला पारखी त्यापायी फासावर गेला म्हणे.
मधल्या एकोणिसाचं
सर पुढं काही बोलले नाहीत,
मीही विचारलं नाही.
मी घुंगरं जुळवते, किलोवर मजुरी.
आमच्यातही घट धरतात.
ती भट्टीवाल्याच्या वाटणीतून गेलेली
मी अजून बघितली नाही.

जाताना सर दारात परत वळले.
"वितळवू नका. एवढं ऐका.
मी पुढच्या महिन्यात पैसे घेऊन येतो."
काकांनी तो तुकडा उचलला,
कपाळाला लावला, डोळे मिटून.
"सर, तुमचा शब्द म्हंजी शिरसावंद्य."

एस्टी कट्ट्यापाशी वळली असेल-नसेल,
तुकडा मुशीत होता.
आधी लाटा गेल्या.
मग एक खांब वाकला, दुसरा त्याच्यावर.
क्रूस बराच वेळ तग धरून होता,
काकांनी सळईनं दाबला.

त्या आठवड्यात मी बाराशे घुंगरं जुळवली,
गडहिंग्लजच्या कुणा नवरीसाठी.
प्रत्येक कानाशी धरून हलवलं.
सगळी सारखीच वाजली.

शनिवारी हिशेब झाला.
घट: चार ग्रॅम.
माझ्या नावावर.