जवळपासचं उत्तर

झेलेझनिकीत सप्टेंबर लागला की
डोंगर सात वाजताच उजेड आवरून घेतो.
मधमाशीपालक संघाच्या खोलीत एक हीटर,
लोय्झेची स्प्रेडशीट,
आणि मी, नवी खजिनदार.
म्हणजे, दुसरं कुणी हो म्हणालं नाही.

सोमवारी साखर वाटायची, माश्यांच्या हिवाळ्याची.
एका पानावर माणसं, दुसऱ्यावर पेट्या.
फॉर्म्युल्यानं नाव घेऊन पलीकडे जायचं,
पेट्यांचा आकडा घेऊन यायचं,
निरोप्याचं काम.
तर तो रकानाभर एकच सांगतोय: एन ए, एन ए,
असं इथं कोणी राहत नाही.

विन्को बेनेदिचिच राहत नाही?
त्याचे पणजोबा चर्चमागे पुरलेत!
बघते तर काना-मात्रेचा घोळ:
लोय्झेच्या जुन्या कीबोर्डवर
'च'च्या डोक्यावरची खूण उमटायची नाही,
आणि विन्को झाला बेनेदिसिक.

मग सत्तेचाळीस नंबरची पेटी.
एका पानावर तो आकडा, दुसऱ्यावर अक्षरं.
दिसायला जुळे,
पण एक उजव्या भिंतीला टेकून, एक डाव्या,
आणि दोघांत बोलणं नाही.

उरलेली नावं हुबेहूब, तरी सापडेनात.
कर्सर शेवटी नेला, तर तो एक घर पुढे थांबला.
प्रत्येक नावापुढे लोय्झेनं स्पेस दाबलेली.
मार्चमध्ये गेला तो.
नुसतं नाव घेऊन कधी थांबला नाही:
विन्को, आणि मग त्याचा गुडघा,
मेतोदा, आणि मग माझी आई.
ट्रिम लिहिलं, एंटर दाबलं.
चौतीस मोकळ्या जागा एकदम मिटल्या.

रकाना स्वच्छ. कोट अंगात घातला.
तेवढ्यात तोर्कारबाईंची ओळ दिसली,
जी कधीच चुकली नव्हती.
तिथं फॉर्म्युल्याच्या शेवटी फॉल्सऐवजी ट्रू.
फॉल्स म्हणजे तेच हवं, नाहीतर काही नको.
ट्रू म्हणजे जवळपासचं चालेल.
पेट्यांच्या यादीत तोर्कार नावच नव्हतं,
म्हणून चार वर्षं तो वरच्या तोलारच्या दारातून
तीन हा आकडा उचलून आणत होता,
नम्रपणे, न अडखळता.

फॉल्स केलं. त्यांच्या ओळीत एरर आली.
पहिल्यांदाच खरं काहीतरी.

सातव्या रिंगला फोन उचलला.
"फ्रान्चिष्का, तुमच्या पेट्या किती?"
"अकरा."
"मग तिनांचीच साखर कशी नेत होतात?"
"मला वाटलं, विधवेला तेवढीच मिळते."

पेटीमागे पाच किलो, आठ पेट्या, चार हंगाम.
एकशेसाठ किलो मी पाकिटावर लिहिलं,
दोनदा खोडून पुन्हा तेवढंच आलं.
काय बोलावं सुचेना,
तेव्हा त्याच म्हणाल्या,
"थांब, अकरा नको लिहूस.
कोपऱ्यातलीत राणी आहे का नाही,
उद्या ऊन पडल्यावर उघडून सांगते."