खरकटं

पाटीवर नाव आहे 'लंगडा बगळा',
पण चित्रातला बगळा दोन्ही पायांवर धड उभा आहे.
रंगाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे.
दाराची चौकट इतकी बुटकी
की देव मानणारा, न मानणारा, दोघंही वाकूनच आत येतात,
आणि उंच ऑब्री गिटिन्स
अठ्ठावीस वर्षं येतोय, तरी महिन्यातून एकदा कपाळ आपटून घेतोच.

हे सगळं मला ऐकून माहीत.
मी मागे असतो, सिंकपाशी.
भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून
माझ्यापर्यंत पोचतात त्या उष्ट्या ताटल्या,
आणि त्यांच्या मागोमाग
ओल्या सफरचंदाच्या लाकडाची चुरचुर,
पावसात भिजलेल्या कोटांचा वास,
कुणाचं तरी अर्धं हसू.

माणसं मी खरकट्यावरून ओळखतो.
पावानं पुसून लख्ख आली, ती डॉर्कसची.
शाळेची बस चालवते, काही वाया घालवत नाही.
कडेला मटारांची रास, ती पाद्रीबुवांची.
संयमावर ते दर रविवारी बोलतात,
पाळतात तो फक्त मटारांच्या बाबतीत.
चरबी बाजूला काढलेली, ती शहरातून चालायला आलेल्यांची.
आणि एक अख्खा बटाटा, सुरी न लागलेला,
तो ऑब्रीचा. कुत्रीसाठी ठेवायचा.
कुत्री मार्चमध्ये गेली.
बटाटा अजून येतो.

गुरुवारी हेटी प्रॉसर पाई करते.
मेंढीचा खांदा रात्रभर काळ्या बिअरमध्ये,
परसातल्या लीकची बोटभर चक्ती,
वर चरबीत मळलेलं जाड कवच.
भट्टीतून काढलं की त्यावर बोटाच्या पेरानं ठोठावते,
आत कुणी आहे का, विचारावं तसं.
किती वेळ ठेवायची, म्हणून विचारलं तर म्हणते,
झाली की कळतं.

ट्रँटर भाऊ गुरुवार चुकवत नाहीत.
सायलस खिडकीशी, एनॉक शेकोटीशी,
पाठीला पाठ.
एका कुंपणावरून अकरा वर्षं बोलणं नाही.
पण दोघांच्याही ताटलीत
कवचाचा एक कोपरा उरतो,
आणि त्यावर आडवी सुरी, धार आतल्या बाजूला.
आईनं लावलेलं वळण असणार.
आल्या की मी त्या एकावर एक ठेवतो.
तेवढंच माझ्या हातात.

नोव्हेंबरात नदी रस्त्यावर आली त्या गुरुवारी
कोपरा उरलेली एकच ताटली आली.
एनॉक शिडीवरून पडला होता, खुबा गेला होता.
हेटी कुणाला काही बोलली नाही.
एक पाई टॉवेलात बांधली,
वर एक काटा खोचला
आणि सायलसपुढे नेऊन ठेवली.
म्हणाली, "निवेल."

बाहेर आवाज थांबले. एवढे की
नळाची धार मला मोठी वाटली, बंद केली.
मग खुर्ची सरकली.
मग दार.

सोमवारी भांडं मागच्या पायरीवर होतं,
घासलेलं, पण वाईट.
कानाकोपऱ्यात ग्रेव्ही तशीच,
मेंढरं धुणाऱ्या हातांचं काम.
आत दोन काटे.
एक आमचा.
दुसरा पातळ, मुलामा उडालेला,
दांड्यावर झिजून गेलेलं कसलंसं अक्षर.
हेटी म्हणाली, "परत देऊन ये."
म्हटलं, देईन. खणात ठेवला.

जानेवारी संपताना एका गुरुवारी
खिडकीतून दोन ताटल्या आल्या,
मी रचायच्या आधीच
एकावर एक.
मध्ये ग्रेव्ही वाळून त्या चिकटल्या होत्या,
सोडवायला गरम पाण्यात घालाव्या लागल्या.

मी घाई केली नाही.