प्रश्न सदतिसावा

बाकं सातवीच्या पोरांची,
गुडघे आत मावेनात.
बेळगावात, कॅम्पातल्या शाळेत
आम्ही एकशे चौदा शिपाई, टोप्या मांडीवर,
आणि दाराशी एका पोत्यात सगळ्यांचे मोबाईल
मधूनच थरथरणारे,
बाजारला नेलेल्या कोंबड्यांसारखे.

पूर्वी हे नव्हतं.
पूर्वी केस पिकले की फीत मिळायची,
नाहीतर कुंद्याचा डबा योग्य घरी पोचला की.
आता म्हणे गुण. नुसते गुण.
बरं झालं, असं मी घरी म्हटलं
आणि रात्रभर कूस बदलत राहिलो.

कलमंसुद्धा बदललीत.
चोरी म्हणजे तीनशे एकोणऐंशी, हे हाडात बसलेलं.
आता तीनशे तीन.
चारशेवीस आता तीनशे अठरा झालाय,
शिवी मात्र अजून जुनीच चालते.
पुस्तक सगळं कानडीत. लेक कानडी शाळेतली,
दोन महिने ती मास्तरीण, मी पोर.
"पप्पा, आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात,
दोरीवरच्या कपड्यांसारखी.
कानडी अक्षरं मांडी घालून बसतात."
मी म्हटलं, अक्षता, बावीस वर्षं मी तेच करूलोय की ग.
नंदगडची म्हातारी लोंबतं सांगते,
"माझी सोनी नेली ओ साहेब,"
आणि मी बसतं लिहितो:
एक एम्मे, रंग काळा, अंदाजे किंमत अमुक.
सोनी कागदाबाहेर उभी राहते.

प्रश्न सदतिसावा.
दोन गट समोरासमोर, हातांत दगड.
सर्वप्रथम आपण काय कराल?
अ. वरिष्ठांना कळवाल.
ब. जमावाला पांगण्याचा इशारा द्याल.
क आणि ड मला आता आठवत नाहीत.

मला आठवला खानापूरचा स्टँड,
पाटीला फासलेलं काळं,
आणि मधे मी, काठी काखेत.
इकडच्या पोराला विचारलं,
"अरे, तू ओमाण्णाचा न्हवं? बापाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं काय?"
तिकडच्याला विचारलं, "ऊट आयता?"
घरचं कुणी विचारलं
की हातातला दगड जड होतो.
एकानं तो खाली ठेवला, हळूच,
कुणाचा तरी असावा तसा.

याला अक्षर नव्हतं.
मी ब रंगवला,
गोलाच्या बाहेर न जाता.

शेजारी श्रीशैल, गोकाकचा,
माझ्याच ठाण्यातला, वय एकोणतीस.
चाळीस मिनिटांत पेन खिशाला लावून
खिडकीबाहेरचं शेवग्याचं झाड बघत बसला.

यादी लागली. तो तिसरा.
रेघ बासष्टवर, मी साठ.
दोनदा मोजलं, लेकीनं तिसऱ्यांदा मोजलं.
कुणी फसवलं नव्हतं.
तेच जरा जड गेलं.
पूर्वी निदान कुणाच्या नावानं बोटं मोडता यायची,
आता स्वतःचीच
मोडावी लागली.

श्रीशैलच्या फिती शिंप्यानं वाकड्या लावल्या होत्या.
मी काही बोललो नाही तीन दिवस.
चौथ्या दिवशी बोललो.

काल रात्री कणकुंबीकडची एक बाई आली,
चिखलानं पोटऱ्या भरलेल्या,
एका दमात सगळं सांगून मोकळी.
हवालदारसाहेब पेन धरून तसेच.
"मुतगेकर्रे, एनंतार?"
मी म्हटलं, म्हैस नेलीय. नाव चंद्री.
आधी नाव लिहा.
"नाव कशाला?" असं त्यानं मराठीत विचारलं,
त्याच्या त्या खडबडीत मराठीत.

उद्या जनावरांच्या बाजारात
पन्नास काळ्या म्हशी उभ्या असतील, साहेब.
ही बाई हाक मारेल.
एकच मान वळेल.