मैदानाकडे पाठ

मॅचच्या आधी दोन तास जाकिटं वाटतात,
माझ्या जाकिटावरच्या 'स्वयंसेवक'मधला 'से' उडालाय.
निंबाळकर साहेब दर वेळी तेवढंच सांगतात :
मैदानाकडे पाठ, तोंड लोकांकडे.
चेंडू बघणारा माणूस मला नको.

अकरा वर्षं सोमेश्वर तालमीचा लेफ्ट बॅक होतो मी.
गुडघा गेला तो ह्याच शाहू स्टेडियमच्या गवतात.
त्याच गवताकडे आता पाठ करून उभा,
जसं भांडण झालेलं घर.

तीन नंबरचं गेट माझं.
काचेची बाटली बाहेर. फटाका बाहेर.
झेंडा आत, काठी बाहेर.
"काका, काठीबिगर झेंडा फडकवायचा कसा ओ?"
"दोन हात दिल्यात न्हवं देवानं?"
पोरगं तोंडातल्या तोंडात माझ्या आईपर्यंत जाऊन येतं.
मी ऐकलेलं नसतं.
हाही नियमच, फक्त पत्रकात छापलेला नाही.

मग शिदोजी आबा येतात, वय चौऱ्याऐंशी,
हातात वेताची काठी.
मागनं लगेच कुणीतरी :
"आबांची काठी चालती व्हय?"
मी पत्रक काढतो, चष्मा घरी राहिलाय, परत ठेवतो.
"आबा, तुमचा झेंडा कुठाय?"
"झेंडा? मला लेका मीच उचलवत न्हाई."
रांग हसते. काठी ठकठक करत आत जाते.

उद्यमनगरात सव्वीस वर्षं भट्टीवर काढली.
ओतारी माणूस लोखंडाला दोष देत नाही.
साच्याला श्वासाची भोकं ठेवली नाहीत
की आतली वाफ आपली वाट आपण शोधते,
अन् ती वाट कुणाच्या तरी चेहऱ्यातनं जाते.
म्हणून माझ्या गेटला कडी असते, कुलूप नसतं.
फुकटे घुसतात, कुलूप घाला, असं
दरवर्षी कमिटीतला कुणीतरी येऊन सांगतो.
दरवर्षी मी कुलूप घेतो आणि खिशात ठेवतो.
खिसा फाटलाय त्या वजनानं.

मॅच मी तोंडांवर वाचतो.
सगळे उठले : कॉर्नर.
सगळ्यांचे हात डोक्यावर : बारवरनं गेला.
एक्क्याऐंशीव्या मिनिटाला सगळं गप्प,
भेळवाल्याचा चमचासुद्धा.
समोर जोतिर्लिंगवाल्यांचं स्टँड, तोंडं पडलेली.
म्हणजे पेनल्टी. म्हणजे आम्हाला.

मान चार बोटं वळली. खोटं कशाला बोलू.
परत आणली, जशी गंजलेली कडी आणतात.

तेवढ्यात वरच्या पायऱ्या खाली सरकल्या.
कुणी ढकललं नव्हतं कुणाला.
प्रत्येकानं फक्त अर्धं पाऊल पुढं टाकलं होतं, नीट दिसावं म्हणून.
खाली कठड्याला एक मुलगी,
नऊ-दहा वर्षांची, निळा फ्रॉक,
तोंड उघडं, आवाज नाही.
ओरडणाऱ्याची काळजी नसते.
न ओरडणारं तोंड शोधायला आम्हाला उभं केलेलं असतं.

कडी काढली.
पन्नासेक माणसं ट्रॅकवर सांडली
आणि तिथंच उभी राहिली, बिनआमंत्रणाच्या पाहुण्यांसारखी.
"गेट कुणी उघडलं?" हवालदार धावत आला.
"मी."
"कुणाला विचारून?"
मुलगी माझ्या जाकिटाला धरून खोकत होती,
एका पायात चप्पल.
हवालदारानं तिच्याकडं बघितलं,
मग वाकून दुसरी चप्पल शोधायला लागला.

मागं काहीतरी झालं होतं. एक मोठा आवाज,
पण हसणाऱ्याचा की रडणाऱ्याचा ते कळेना.
सुटल्यावर आबांनी सांगितलं :
"भाईर मारला गाढवानं. तू बघितलास न्हाई?"
"न्हाई आबा."
"बरं झालं."

रात्री गेटपाशी एकोणीस काठ्या उरल्या.
न्यायला कुणी येत नाही कधी.
सायकलला बांधून मीच आणतो घरी.
गेल्या मोसमातल्या काठ्यांवर परसात घेवडा चढलाय,
सोमेश्वरची कुठली, जोतिर्लिंगची कुठली,
आता मलाही सांगता येत नाही.