सुतळी पुरेल तेवढं

साखळीच्या पोस्टात काउंटरवरचं बॉलपेन
सुतळीनं बांधलेलं असतं.
आधीची अकरा गेली कुणाकुणाच्या खिशातून,
मग मीच गाठ मारली, होडीला मारतात तशी.

दुपारी अडीचनंतर फारसं कुणी फिरकत नाही.
वाया गेलेले फॉर्म मी उलटे करतो
आणि सुतळी पुरेल तेवढं चितारतो.
आधी पेन तळहातांत घोळवायचं,
दोन गिरक्या आंधळ्या, कागदावर नुसत्या खाचा,
आणि मग अचानक शाई धावते.
एकोणतीस वर्षं नोकरी झाली,
त्या क्षणाला अजून पोटात गुदगुल्या होतात.

खोडणं नाही यात.
रेघ चुकली तर तिला शेजारीण द्यायची,
तिला आणखी एक, बारीक, तिरकी,
इतक्या, की चुकीची सावली होते
आणि सावली पडली म्हणून
मागाहून भिंत बांधावी लागते.
टोकाशी शाईचा गोळा साठतो,
तो मी म्हशीच्या डोळ्यासाठी राखून ठेवतो.
रंग एकच. माती निळी, खाणीचा ट्रक निळा,
वाळवंटी नदी पुरातसुद्धा निळी.

काल गुणो गावस आले पेन्शनला.
अंगठा दोनदा उमटला, फॉर्म फुकट.
ते बाकावर नोटा मोजत बसले,
आणि मी त्या जांभळ्या वळ्या
जिथं तुटल्या होत्या तिथून पुढं नेल्या:
मेर, मेरेखाली मेर,
कडेनं पोफळी, एक वाकडा फणस.

जाळीतून वाकून त्यांनी खूप वेळ पाहिलं.
"हें म्हजें कुळागर," म्हणाले. "पूण उदक खंय?"

मी पेन पुढं केलं.
त्यांनी ते कोयत्यासारखं मुठीत धरलं
आणि दाबून, श्वास रोखून
पाट ओढायला घेतला, खालून वर, झऱ्याकडे.
सुतळी ताणली.
झरा सुतळीच्या पलीकडं होता.

गाठ सोडायला मला दात लावावे लागले.

पाचला हिशेब जुळवला. तिकिटं बरोबर, रोकड बरोबर,
बारावं पेन गेलं.
फॉर्म तेवढा राहिलाय माझ्या खणात.
उलटा करून बोट फिरवलं
की पाट लागतो हाताला,
आणि त्याच्या टोकाशी एक भोक,
जिथं पाणी लागल्यावर
त्यांनी पेन टेकवलं होतं.